खोट्या आकड्यावर चालणारा गिअरबॉक्स

ऑटोमॅटिक गाडी झटके मारायला लागली की गिऱ्हाईक आमच्याकडे सहसा पहिल्यांदा येत नाही. दोन ठिकाणी फिरून येतं, आणि येताना निदानही सोबत घेऊन येतं. या पिकअपसोबत दोन निदानं आली होती. एका गॅरेजने सांगितलं होतं, वॉल्व्ह बॉडी (गिअरबॉक्समध्ये ऑइलचा दाब वाटणारा भाग) गेली. दुसऱ्याने अख्खा गिअरबॉक्स उतरवायला काढला होता, आणि त्याने सांगितलेल्या खर्चात एखादी जुनी छोटी गाडी आली असती.

डबल कॅब, डिझेल, टॉर्क कन्व्हर्टरवाला (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा) सहा गिअरचा ऑटोमॅटिक. मालक ट्रॉम्बे कोळीवाड्यातले, मासेमारी बोटींची इंजिनं दुरुस्त करणारे. ससून डॉक, करंजा, रेवस असा त्यांचा फेरा. स्वतः डिझेलवाले असल्यामुळे त्यांना गंडवणं सोपं नव्हतं आणि पटवणंही.

"भाऊ, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना पाठीत बुक्की बसते," ते म्हणाले. "सिग्नलला थांबलो की मागून धाडकन आवाज. पण अटल सेतूवर पाय दाबला की काही नाही. एकदम मऊ."

मला हे शेवटचं वाक्य खटकलं. झिजलेला क्लच हळू चालवताना निभावून नेतो आणि जोर लावला की घसरतो. इथे हळू चालवताना धक्का आणि जोर लावला की मऊ. ही मऊपणाची तक्रार कुणी करत नाही, म्हणून ती कुणी ऐकतही नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. 2014 साली सेलेरियोबरोबर एएमटी स्वस्तात आली आणि बहुतेकांना ऑटोमॅटिकची ओळख तिच्यातूनच झाली. तिच्यात साधाच गिअरबॉक्स असतो, क्लच आणि गिअर मशीन हलवतं, त्यामुळे गिअर बदलताना मध्ये एक खंड जाणवतोच. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाडीत तो खंड नसतो. एक क्लच सुटत असतानाच दुसरा पकडत असतो, आणि हे सगळं ऑइलच्या दाबावर, अर्ध्या सेकंदाच्या आसपास उरकतं. पण "ऑटोमॅटिक म्हटल्यावर थोडं होणारच" हे वाक्य मालकाला इतक्यांनी ऐकवलेलं असतं की तो बरेच महिने तसाच चालवतो.

स्कॅनर लावला. बिघाडाचा एकही कोड नाही. आधीच्या दोघांनी इथेच स्कॅनर काढून पाना हातात घेतला असावा. मी लाइव्ह डेटात गिअरबॉक्सची अडॅप्टेशनची पानं उघडली, म्हणजे क्लचच्या दाबात त्याने स्वतः शिकून केलेली दुरुस्ती. तिसऱ्या गिअरला पकडणाऱ्या क्लचची दुरुस्ती जवळपास वरच्या मर्यादेला टेकली होती.

याचा अर्थ सांगतो. गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला इंजिनची ताकद मोजता येत नाही. इंजिनचा कॉम्प्युटर त्याला टॉर्कचा, म्हणजे इंजिनच्या पिळाच्या जोराचा, आकडा पाठवतो आणि त्या आकड्यावरून तो ठरवतो, क्लच किती दाबाने पकडायचा. (जुन्या ऑटोमॅटिकमध्ये हे काम थ्रॉटलपासून आलेली एक केबल करायची. ती जास्त ताणलेली असली की गाडी झटके द्यायची, ढिली असली की क्लच जळायचे.) मग गिअर पडायला किती वेळ लागला ते तो आतल्या शाफ्टच्या वेगावरून मोजतो. वेळ जास्त लागला तर पुढच्या खेपेला दाब थोडा वाढवतो आणि ते लक्षात ठेवतो. दुरुस्ती वरच्या टोकाला गेली, म्हणजे क्लच घसरतोय असं त्याला सतत वाटत होतं.

घसरण्याची कारणं मोजकी. ऑइल कमी, क्लच जळालेला, आत कुठे सीलमधून दाब गळतोय, किंवा आलेला आकडाच खोटा.

ऑइलपासून सुरुवात करायची होती, पण त्यासाठी गाडी रात्रभर ठेवून घ्यावी लागली. या गिअरबॉक्सला डिपस्टिक नाही. इंजिन चालू, लिव्हर सगळ्या गिअरमधून फिरवून पार्कवर, आणि ऑइल 40 अंशांच्या आसपास असताना खालचा प्लग उघडायचा. बारीक धार आली तर पातळी बरोबर. गाडी ट्रॅफिकमधून आलेली असली की ऑइल नव्वदीला पोचलेलं असतं, फुगलेलं असतं. तेव्हा प्लग उघडला तर चांगलं ऑइल वाहून जातं आणि पातळी कमी होऊनच गाडी बाहेर पडते. मुंबईत मे महिन्यात ही चाळिशीची खिडकी सकाळी इंजिन सुरू केल्यावर जरा वेळच सापडते. आमचा पोऱ्या तोवर चहा आणायला गेला तर काम दुसऱ्या दिवसावर.

पातळी बरोबर निघाली. ऑइलचा रंग काळवंडला होता, पण जळका वास नव्हता. पॅन उतरवला. लोहचुंबकावर करडा चिखल होता, तो असतोच. धातूचे कपचे नव्हते, क्लचच्या अस्तराचे तुकडे नव्हते. गिअरबॉक्स उतरवायला सांगणाऱ्याने हा पॅन उघडलेलाच नव्हता, बोल्टांवरची मूळ रंगाची खूण शाबूत होती.

मग मालकांना शेजारी बसवून ईस्टर्न फ्रीवेवर गेलो. डेटा रेकॉर्डिंगला लावला आणि रस्ता मोकळा मिळाला तिथे पाय पूर्ण दाबला. तिसरा पडताना इंजिनच्या फेऱ्यांचा आकडा खाली यायच्या आधी क्षणभर वर उसळला. मालकांना जो मऊपणा वाटत होता तो हाच. क्लच घसरत होता. आणि दुसरी गोष्ट: स्क्रीनवर टॉर्कचा आकडा नेहमीचाच होता, गाडी मात्र त्या आकड्याच्या मानाने फारच जोरात पळत होती.

परत येऊन बॉनेट उघडलं. कॉमन रेलच्या (सगळ्या इंजेक्टरना दाबाखाली डिझेल पुरवणाऱ्या नळीच्या) प्रेशर सेन्सरपासून एक काळी नळीदार वायर निघून बॅटरीच्या मागे गेली होती. तिथे टेपने गुंडाळलेली डबी.

"हे काय?"

"ते पॉवरसाठी. ट्रॉलीवर इंजिन घेऊन घाट चढायचा असतो ना. बसवल्यावर फरक पडला, खोटं नाही सांगत."

फरक पडणारच. ही डबी सेन्सरच्या सिग्नलमध्ये शिरून इंजिनच्या कॉम्प्युटरला दाब खऱ्यापेक्षा कमी दाखवते. तो बिचारा दाब वाढवतो, डिझेल जास्त जातं, ताकद वाढते. पण त्याच्या हिशेबी सगळं जागच्या जागी असतं, म्हणून कोड येत नाही, आणि गिअरबॉक्सला जुनाच टॉर्क कळवला जातो. स्कॅनरही इंजिनचा कॉम्प्युटर जे मानतो तेच दाखवतो. गिअरबॉक्सने कमी आकड्यावर कमी दाब दिला, क्लच घसरला, त्याने दुरुस्ती वाढवली, पुन्हा घसरला, आणखी वाढवली. मग चेंबूरच्या ट्रॅफिकमध्ये, जिथे ताकद लागतच नाही, तिथे तोच वाढीव दाब पाठीत बुक्की होऊन बसायला लागला.

डबी काढली, सेन्सर सरळ जोडला आणि गाडी बाहेर काढली. झटका वाढला.

मालकांनी माझ्याकडे बघितलं. "काढल्यावर जास्त झालं की!"

ताकद कमी झाली होती आणि शिकलेला दाब तसाच होता, त्यामुळे वाढायलाच हवा होता. मला तर तो पुरावाच वाटला. त्यांना तो पटायला वेळ लागला, शेवटी मीच म्हटलं, "दादा, बोटीच्या इंजिनचा वेग आवरणारा गव्हर्नर कुणी चिमटीत धरून ठेवला तर तुम्ही पंप उघडाल का?" त्यावर हसले.

ऑइल बदललं. एकदा काढून सगळं निघत नाही, बरंच कन्व्हर्टरमध्ये राहतं, म्हणून भरून, चालवून, पुन्हा काढलं. अडॅप्टेशन शून्यावर आणलं. त्यानंतर गाडीला नव्याने शिकवावं लागतं: ऑइल तापल्यावर जागेवरून हलक्या, एकसारख्या पायाने वरच्या गिअरपर्यंत न्यायची, पाय सोडून हळूहळू थांबवायची, पुन्हा तेच. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर हे स्वप्नातही जमणार नाही. रविवारी उजाडायच्या आत बीकेसीत गेलो. रुंद रस्ते, रिकामे सिग्नल आणि एक पहारेकरी, जो प्रत्येक फेरीला आमच्याकडे जास्त संशयाने बघत होता. आधीच्या काही फेऱ्या वेड्यावाकड्या गेल्या, मग दुसऱ्यातून तिसऱ्यात जाणारा बदल बघता बघता गुळगुळीत झाला.

थांबतानाचं धाडकन मात्र तसंच. ते गिअरबॉक्सचं नव्हतंच. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून थांबवली, तरी आवाज आला. लांब पिकअपचा प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा) दोन तुकड्यांचा असतो, त्यातला आत-बाहेर सरकणारा जोड कोरडा पडला की ब्रेकवर मागचा भाग हलताना तो अडकतो आणि सुटतो. समुद्राकाठी फिरणारी गाडी, ग्रीसचा पत्ता नव्हता. साफ करून ग्रीस भरलं. वीस रुपयांच्या मालाचं काम, आणि त्याच आवाजावर गिअरबॉक्स उतरत होता!

डबी मी पिशवीत घालून परत दिली. मालकांना घाटासाठी ताकद हवीच आहे. मी सांगितलं, करायचंच तर इंजिन आणि गिअरबॉक्स दोघांचे टॉर्कचे तक्ते एकत्र बदलणाऱ्याकडून करा आणि गिअरबॉक्स किती सोसू शकतो ते आधी विचारा. त्याचा खर्च ऐकून ते म्हणाले, "बघू, पावसाळ्यात बोटी वर असतात, तेव्हा ठरवतो."