तारण

डिसेंबरात नगरच्या मावशी करंज्यांचा डबा घेऊन आमच्या इंदूरमधल्या रामबागेतल्या घरी आल्या. सोबत त्यांचा भाचा. चहा यायच्या आधीच त्यानं आईला विचारलं, "काकू, तुमचं तारण झालंय का?"

आई म्हणाली, "नाही रे बाबा, पाटल्या घरातच आहेत."

तिची चूक नाही. इंदूरच्या सराफ्यात उभी हयात गेलेल्या बाईला तारण म्हटलं की गहाण ठेवलेलं सोनंच आठवणार. मराठी बायबलात मात्र तारण म्हणजे पापातून सुटका. इथल्या हिंदीत त्यालाच उद्धार म्हणतात, आणि आपल्याकडे उद्धार होतो तो बहुतेक वेळा समोरच्याच्या सात पिढ्यांचा.

येशूनं आपला जीव 'खंडणी' म्हणून दिला, असंही मराठी बायबल सांगतं. आता होळकरांच्या गावात खंडणी म्हटल्यावर पहिला प्रश्न येणार, वसूल कोणी केली? गंमत म्हणजे जुन्या ख्रिस्ती पंडितांनाही तोच प्रश्न पडला होता. तिसऱ्या शतकातला ओरिजेन म्हणे, सैतानानं. अकराव्या शतकाच्या शेवटी आन्सेल्मनं ते उडवून लावलं. सैतानाचं कसलं आलंय देणं? माणसानं देवाचा मान राखला नाही, तेव्हा देणं देवाचंच.

भाच्याला स्वतःच्या तारणाची तारीख तोंडपाठ आहे. सभेत रडत गुडघे टेकले, तो दिवस. मावशींकडे तारीखच नाही. तान्ह्या असताना बाप्तिस्मा झाला, पुढे चर्च, प्रार्थना, प्रभुभोजन. "मग मी काय बिनतारणाची?" असं त्यांनी विचारलं की भाचा खिडकीबाहेर बघतो. पंडिता रमाबाईंनी मात्र दोघांनाही पेचात टाकलं असतं. बाप्तिस्मा 1883 चा, आणि ख्रिस्त खऱ्या अर्थानं भेटला तो त्यानंतर 8 वर्षांनी, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय.

एकेका शब्दावरून केवढं रामायण! कॅथलिक चर्चशी भांडण मांडणाऱ्या ल्यूथरनं 1522 च्या जर्मन नव्या करारात, रोमकरांस पत्रातल्या एका ओळीत 'केवळ' घातला: माणूस केवळ विश्वासानं नीतिमान ठरतो. मूळ ग्रीक ओळीत तो शब्द नाही. उलट याकोबाचं पत्र म्हणतं, केवळ विश्वासानं नव्हे, कृतींनीही. कॅथलिक आणि ल्यूथरन मंडळींनी कृपेच्या, म्हणजे देव माणसाच्या कमाईशिवाय तारतो या, मूळ मुद्द्यावर एकमत झाल्याच्या कागदावर सह्या केल्या त्या 31 ऑक्टोबर 1999 ला. आमच्या भाऊबंदकीचे दावेसुद्धा इतके लांबत नाहीत.

विषय निघालाच म्हणून मी आजीच्या पाटल्यांची गोष्ट सांगितली. काकाच्या फीसाठी त्या सावकाराकडे गेल्या होत्या. आजोबांनी गुपचूप पैसे भरून सोडवल्या आणि आजीला सांगितलं. तिला काही खरं वाटेना. ती आपली रोज मीठाच्या बरणीमागे चार आणे टाकत राहिली.

"बघा!" भाचा उसळलाच. "देणं फिटलं होतं. विश्वास तेवढा ठेवायचा होता."

मावशींनी बशीतला चहा संपवला. "फिटलं होतं रे. पण त्या चार आण्यांचं काय झालं, ते विचार की."

त्यातून धाकट्या आत्याची फी भरली गेली होती. ते मी सांगेपर्यंत दोघं पुन्हा याकोबावर पोचले होते, आणि आईनं दुसऱ्यांदा चहाचं आधण ठेवलं.