सहलीचा फोटो

"ही कोण गं? सहलीला गेलीत का?" आईने माझ्या मोबाइलवर दिसणारं अल्बमचं कव्हर बघून विचारलं.

हिरवं गवत, फुलं, मागे समुद्र, चार नीटनेटकी माणसं. थ्रॉबिंग ग्रिसल या ब्रिटिश बँडचा १९७९ चा अल्बम, 'ट्वेंटी जाझ फंक ग्रेट्स'. आत जाझ शोधून सापडणार नाही, गाणीही वीस नाहीत. आणि ती जागा म्हणजे इंग्लंडमधला बीची हेड, आत्महत्यांसाठी कुप्रसिद्ध असलेला कडा.

आईला म्हटलं, हो, सहलच.

१९७५ ते १९८१, एवढाच त्यांचा पहिला डाव. पण कार्यक्रम कॅसेटवर टिपत गेले आणि २४ तासांच्या कॅसेटी चक्क पेटीत भरून विकल्या! कारखान्यासारख्या कर्कश, यांत्रिक आवाजांच्या 'इंडस्ट्रियल' संगीताला नाव मिळालं तेही त्यांच्याच रेकॉर्ड कंपनीवरून, 'इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स'वरून.

कव्हरला भुलून, जाझ समजून कुणी खरंच घरी नेला असेल का हो हा?