रोजच्याच तळ्यावरचा वसंत

वसंत जवळ आला की पक्षी पाहणाऱ्या मंडळींत एक प्रश्न हमखास निघतो : यंदा कुठे जायचे? दूरचे अभयारण्य, नावाजलेली पाणथळ जागा, अमुक एका दुर्मीळ पक्ष्याची नोंद झालेले जंगल अशी नावे भराभर पुढे येतात आणि कॅमेऱ्यांच्या पिशव्या भरू लागतात. अशा प्रवासांना माझी ना नाही. मात्र वसंतापुरते विचाराल तर माझे मत जरा हट्टी आहे. घरापासून चालत जाता येईल असे एखादे तळे, टेकडी, पडीक माळ किंवा जुन्या झाडांची बाग यांच्याइतके चांगले ठिकाण या दिवसांत दुसरे नाही. वसंतात पाहायचा असतो तो बदल, आणि तो ज्याने आधीची स्थिती पाहिलेली असते त्यालाच दिसतो. नवख्या जागी प्रथमच गेलेल्या माणसाला सगळेच नवे असते. त्यातले परवापर्यंत काय नव्हते, हे कळायला त्याच्यापाशी काही साधन नसते.

चिमण्याचेच पाहा. हिवाळ्यात त्याच्या गळ्याखालचा काळा पट्टा राखाडी दिसतो, धूळ बसल्यासारखा. वसंतात तोच पट्टा छातीपर्यंत काळाभोर होतो. मध्यंतरी त्याने नवी पिसे धारण केलेली नसतात. वर्षातून एकदाच, वीण आटोपल्यावर, त्याची पिसे बदलतात. त्या नव्या पिसांची टोके फिकट असतात आणि खालचा काळा रंग त्यांनी झाकलेला असतो. हिवाळाभर दाणे टिपताना, धुळीत लोळताना, चोचीने पिसे साफ करताना ती टोके झिजत जातात आणि नेमकी विणीच्या तोंडावर आतला काळा रंग उघडा पडतो. म्हणजे हा पक्षी कपडे जुने करून नटतो! त्याच सुमारास त्याची चोचही फिकट तपकिरी रंग टाकून काळी होते. दोन महिन्यांच्या अंतराने एकाच कुंपणावर काढलेली चिमण्याची दोन छायाचित्रे शेजारी ठेवली, तर हे सगळे एका दृष्टिक्षेपात समजते. एरवी चिमणीकडे लेन्स वळवणाऱ्याला सोबतचे लोक हसतात, हा भाग वेगळा.

आपल्या मुलखातल्या वसंताची आणखी एक गंमत आहे. थंड देशांत वसंत म्हणजे पक्षी परतण्याचा काळ असतो. इथे मात्र निम्मे पाहुणे याच काळात निघायच्या तयारीत असतात. हिवाळाभर तळ्याच्या काठाने शेपटी हलवत फिरणारा पिवळा धोबी तोपर्यंत इतका मळकट दिसत असतो की त्याच्या नावातला पिवळा रंग शोधावा लागतो. मार्च लागला की त्याच्या पोटावर पिवळ्या रंगाचे ठिपके उमटतात, ते वाढत जातात आणि एप्रिलमध्ये तो हळदीने माखल्यासारखा दिसू लागतो. पांढऱ्या धोब्याचा गळा याच दिवसांत काळा होत जातो. मुक्कामभर जुन्या कपड्यांत वावरलेल्या पाहुण्याने निघायच्या दिवशी ठेवणीतला पोशाख चढवावा, तसा हा प्रकार आहे. तो पोशाख आपल्यासाठी नसतोच. तो मिरवायचा असतो उत्तरेकडे, हजारो किलोमीटर दूर. आपल्या वाट्याला येतात ते मधले पंधरा-वीस दिवस, आणि त्या दिवसांत कोणी रोज काठावर गेले तरच हे रंगांतर टप्प्याटप्प्याने टिपता येते.

पक्ष्यांना हे दिवस कळतात कसे, याचे उत्तर छायाचित्रकाराला विशेष जवळचे वाटावे असे आहे, कारण ते प्रकाशात दडलेले आहे. १९२० च्या दशकात विल्यम रोवन या शास्त्रज्ञाने कॅनडातील एडमंटन येथे जुंको नावाचे छोटे पक्षी ऐन हिवाळ्यात उघड्या पिंजऱ्यांत ठेवले आणि विजेच्या दिव्यांनी त्यांचा दिवस रोज थोडाथोडा लांबवत नेला. बाहेर शून्याखालची थंडी असतानाही त्या पक्ष्यांची जननेंद्रिये वसंतात वाढावीत तशी वाढू लागली. ऋतूची खूण उबेत नसून दिवसाच्या लांबीत आहे, हे त्या प्रयोगाने दाखवून दिले. पुढे असेही लक्षात आले की हा प्रकाश पक्ष्यांच्या केवळ डोळ्यांना जाणवतो असे नाही; कवटीतून आत झिरपणारा उजेडसुद्धा मेंदूतल्या काही पेशी टिपतात. छायाचित्रकार पहाटे उठून उजेड मोजण्याची एवढी खटपट करतो, आणि ज्याचे छायाचित्र घ्यायचे तो पक्षी हाडातून उजेड मोजत बसलेला असतो.

पानगळ झालेली झाडे ही वसंताने पक्षीनिरीक्षकाला दिलेली मोठी सवलत होय. पळस, काटेसावर आणि पांगारा ही झाडे पाने टाकून फुलतात. मकरंद भरपूर असतो आणि आडोसा जवळजवळ नसतो. फुललेल्या सावरीखाली सकाळी तासभर उभे राहावे. मैना, बुलबुल, कोतवाल, वटवट्या, शिंजीर आणि झुंडीने येणाऱ्या भोरड्या यांची जी झुंबड उडते तिच्यात कोणता पक्षी आधी पाहावा हे ठरेनासे होते. भोरड्यांना पळसमैना असेही नाव आहे आणि ते त्यांना शोभते. मध्य आशियाकडे परतण्यापूर्वी त्या इथल्या फुलांवर तुटून पडतात. डोके आणि पंख काळे, अंग गुलाबी अशा त्यांच्या जोडीला सावरीची लाल फुले आली की छायाचित्रात रंग इतके दाटतात की ते नंतर कोणी मुद्दाम गडद केले असावेत अशी शंका पाहणाऱ्याला येते.

शिंजिराचे छायाचित्र घेणे मात्र परीक्षा पाहणारे असते. जांभळ्या शिंजिराचा नर विणीच्या काळाबाहेर मादीसारखाच फिकट पिवळसर असतो, फक्त हनुवटीपासून पोटाकडे एक काळी रेघ उतरलेली असते. वसंताच्या सुरुवातीला तो अर्धा पिवळा, अर्धा काळा, ठिगळे लावल्यासारखा दिसतो. चित्रांच्या पुस्तकात हे रूप सहसा नसल्यामुळे नवशिके त्याला भलताच पक्षी समजतात. पूर्ण रंगात आल्यावर अडचण वेगळीच होते. त्याचा निळा-जांभळा रंग पिसांच्या सूक्ष्म रचनेतून निर्माण होतो, त्यामुळे ऊन विशिष्ट कोनातून पडले तर तो धातूसारखा झळाळतो आणि मान किंचित वळली की कोळशासारखा काळा. शिवाय चौकट काळ्या पक्ष्याने भरली की कॅमेऱ्याला वाटते उजेड कमी आहे. तो बापडा छायाचित्र उजळ करतो आणि पिसांवरची झळाळी करड्या धुक्यात हरवते. उद्भासन (एक्स्पोजर, म्हणजे छायाचित्रात किती उजेड घ्यायचा ते) मुद्दाम एक-दोन तृतीयांश पायऱ्यांनी खाली आणले तरच तो रंग हाती लागतो. बगळ्याच्या बाबतीत गणित उलटे होते : पांढऱ्या पक्ष्यासाठी ते थोडे वर न्यावे लागते, मात्र थेट उन्हात फार वर नेले तर पिसांचा तपशील धुऊन निघतो. फुलापुढे क्षणभर फडफडत थांबणाऱ्या शिंजिराचे पंख गोठवायचे तर शटरचा वेग १/२००० सेकंद किंवा त्याहून जास्त हवा, आणि त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता) वाढवून छायाचित्रात थोडी रवाळी, म्हणजे दाणेदारपणा, सोसावी लागली तर खुशाल सोसावी.

तांबटाची तऱ्हा निराळी आहे. चिमणीएवढा हा हिरवा पक्षी वाळक्या फांदीच्या शेंड्यावर बसून टुक्-टुक्-टुक् असा एका लयीत सतत ओरडत राहतो. आवाज सगळीकडे, पक्षी कुठेच नाही, अशी अवस्था होते, कारण ओरडताना तो मान फिरवत असतो आणि आवाज कधी डावीकडून, कधी उजवीकडून आल्यासारखा भासतो. एकदा तो सापडला की लांब लेन्समधून केवळ त्याच्या गळ्याकडे पाहावे. कपाळ लाल, डोळ्यांभोवती पिवळा रंग, गळा पिवळा, त्याखाली छातीवर लाल पट्टा, आणि एवढे ओरडत असूनही चोच बंद. प्रत्येक ‘टुक्’बरोबर गळ्याच्या दोन्ही बाजूंची उघडी कातडी फुग्यासारखी फुगते आणि बसते, डोके खालीवर होते. छायाचित्रात आवाज उतरत नाही हे खरे. पण गळा फुगल्याच्या नेमक्या क्षणी बटण दाबले गेले तर आवाजाचा आकार तरी उतरतो. याच दिवसांत नर आणि मादी मिळून एखाद्या कुजक्या आडव्या फांदीच्या खालच्या बाजूला गोल भोक कोरतात. भोकातून अर्धे शरीर आत, शेपूट बाहेर, आणि अधूनमधून चोचीतून भुसा खाली सांडणे, असे हे काम चालते.

वेळेविषयी थोडक्यात सांगायचे तर सूर्योदयानंतरचे दोन तास, फार तर अडीच. पुढे ऊन चढले की जमिनीलगतची हवा तापून थरथरू लागते आणि कितीही महागडी लेन्स असली तरी दूरच्या पक्ष्याची पिसे विस्कटलेली दिसतात. त्यावर मोठी लेन्स हा उपाय नव्हे. अंतर कमी करणे हाच उपाय आहे, आणि अंतर पक्ष्याने कमी करायचे असते. काठावर पोटावर पडून राहिले की काही वेळाने धोबी स्वतःच चालत जवळ येतो, डोळ्यांच्या पातळीवर येतो आणि त्याच्या डोळ्यात उन्हाचा तो लहानसा ठिपका चमकतो, ज्याच्यावाचून पक्षी पेंढा भरल्यासारखा वाटतो. मागे सरकण्यासाठीही तितकेच सावकाश हलावे लागते, आणि शर्टाची पुढची बाजू दिवसभर दाखवण्याजोगी राहत नाही.

वसंतातील पक्ष्याचे सौंदर्य त्याच्या विणीशी बांधलेले आहे, आणि नेमकी तिथेच पाहणाऱ्याची जबाबदारी वाढते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेत स्त्रियांच्या टोप्यांवर बगळ्यांचे तुरे लावण्याची टूम निघाली होती. पाठीवरची ती जाळीदार, लोंबती पिसे बगळ्यांना केवळ विणीच्या काळात येतात. म्हणून शिकारी थेट त्यांच्या घरट्यांच्या वसाहतींवर जात, मोठे पक्षी मारले जात आणि पिले घरट्यात उपाशी मरत. या व्यापाराविरुद्ध १८८९ मध्ये इंग्लंडमध्ये एमिली विल्यमसन यांनी काही स्त्रियांच्या साथीने पक्षी संरक्षणाची संस्था काढली. तिचीच पुढे पक्षी संरक्षणाची ‘रॉयल सोसायटी’ झाली. आज कोणी तुऱ्यांसाठी बंदूक घेऊन येत नाही. तरी घरट्यासमोरची पाने कापून ‘बॅकग्राउंड’ मोकळे करणारा छायाचित्रकार पिलांना उन्हात आणि कावळ्यांच्या नजरेत उघडे पाडतो, तेव्हा पिलांच्या दृष्टीने फार फरक पडत नसावा. मोबाइलवर नराची शीळ वाजवून त्याला समोर बोलावण्याची सवयही अशीच आहे. आपल्या हद्दीत प्रतिस्पर्धी शिरला असे समजून तो बिचारा खाणे-पिणे टाकून भांडायला येतो, नसलेल्या शत्रूला शोधत राहतो. आपल्याला हवे ते छायाचित्र मिळते आणि त्याची सकाळ वाया जाते. अनेक स्पर्धांनी घरट्यावरची छायाचित्रे नाकारायला सुरुवात केली, ते उत्तमच झाले.

लपून छायाचित्रे घेण्याची कला मात्र या छंदाइतकीच जुनी आहे. रिचर्ड आणि चेरी कीर्टन या इंग्रज भावांनी १८९२ मध्ये अंड्यांसह घरट्याचे छायाचित्र घेतले आणि पुढे पक्ष्यांना संशय येऊ नये म्हणून पोकळ बैल बनवून त्याच्या आत कॅमेऱ्यासह बसण्यापर्यंत त्यांची मजल गेली. पक्षी नेहमीच निमूट सहन करतात असेही नाही. एरिक हॉस्किंग या नामवंत छायाचित्रकाराचा एक डोळा १९३७ मध्ये घुबडाच्या हल्ल्यात गेला, तोही घरट्याजवळच. पुढे कित्येक दशके त्यांनी उरलेल्या एका डोळ्यावर काम केले.

रोजच्या जागेचा आणखी एक फायदा इथे उपयोगी पडतो : कोणाचे घरटे कुठे आहे याचा अंदाज आपल्याला न शोधता येतो, त्यामुळे ते टाळताही येते. एप्रिल सरता सरता धोबी निघून जातात, तळ्याचे पाणी आटते आणि त्यांनी पायाखाली घातलेल्या त्याच भेगाळलेल्या काठावर टिटवी अंडी घालते. घरटे असे नसतेच. चार-दोन खडे भोवती मांडलेले आणि मधोमध मातीच्याच रंगाची ठिपकेदार अंडी. पाण्यात जाऊन पोटाची पिसे भिजवायची आणि परत येऊन त्या ओल्या पोटाने तापलेली अंडी गार करायची, असा तिचा दुपारचा उद्योग चालतो. तो दुर्बिणीतून, दुरून पाहावा. आपण जवळ गेलो की ती ओरडून सगळे तळे डोक्यावर घेते, अंड्यांवरून उठते, आणि उन्हात ती जितका वेळ उठलेली राहील तितका अंड्यांना धोका असतो. पिले बाहेर यायला साधारण चार आठवडे लागतात. तोवर तळ्याची ती बाजू आपल्याला बंद. पलीकडच्या काठाने जायचे. तिथे सकाळचे ऊन तोंडावर येते आणि छायाचित्रे जरा काळपट निघतात, एवढेच.