सोयाबीन उगवलं नाही तेव्हा: ग्राहक आयोगातला माझा अनुभव

बियाण्याचा मुख्य कायदा १९६६ सालचा आहे. त्यात कमी प्रतीचं बियाणं विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी ५०० रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. ज्याचं रान मोकळं राहिलं त्या शेतकऱ्याला त्या कायद्याखाली एक रुपयाही भरून मिळत नाही. पीक विम्याचंही तसंच. पाऊस झाला नाही म्हणून पेरणी हुकली तर २०२२ साली त्यात सोय होती, बियाणंच नासकं निघालं तर नव्हती. माझ्यासारखीला मग एकच दार उरतं, ते म्हणजे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचं. त्या दारातून मी जाऊन आले. कसं जायचं हे कुणीतरी सविस्तर सांगायला हवं होतं असं तेव्हा फार वाटायचं, म्हणून लिहिते आहे.

आमची शेती मराठवाड्यात, कोरडवाहू. नवरा पुण्याला नोकरीला, सातबारा मामंजींच्या नावावर आणि शेती बघते मी. २०२२ च्या जूनमध्ये चांगला ओलावा झाल्यावर सोयाबीन पेरलं. दोन एकराला घरचं राखलेलं बियाणं पुरलं, उरलेल्या तीन एकरांसाठी तीस किलोच्या तीन पिशव्या कृषी सेवा केंद्रातून आणल्या. पक्की पावती घेतली, तिच्यावर वाण आणि लॉट नंबर, म्हणजे बियाण्याच्या खेपेचा क्रमांक, लिहून घेतला. एकाच दिवशी, एकाच ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राने पाचही एकर झाले. घरचं बियाणं आठवड्यात उगवून तासाला, म्हणजे पेरणीच्या ओळीला, लागलं. विकतच्या तीन एकरांत तास शोधावे लागत होते. उकरून पाहिलं तर दाणा फुगून कुजलेला. पिशवीच्या लेबलवर उगवणशक्ती किमान ७० टक्के छापलेली होती.

अशा वेळी शेतकरी काय करतो, तर रान मोडतो आणि दुबार पेरतो. तेच शहाणपणाचं आहे, कारण पेरणी जितकी लांबते तितका उतारा, म्हणजे एकरी उत्पन्न, घटतो. पण रान मोडलं की पुरावाही मोडला. ही कोंडी कायद्याच्या कुठल्याच पुस्तकात लिहिलेली नाही, आणि बियाण्याच्या बहुतेक तक्रारी इथंच संपतात. दुकानदार म्हणाला, "वहिनी, दोन-चार दिवस वाट बघा, उगवंल." वाट बघायची नाही हे मी ठरवलं होतं. त्याच दिवशी पंचायत समितीत कृषी अधिकाऱ्यांच्या नावाने लेखी अर्ज दिला आणि माझ्या प्रतीवर आवक शिक्का घेतला. तोंडी सांगितलेलं कुठंच टिकत नाही.

तालुक्याला बियाण्याच्या तक्रारींसाठी समिती असते. कृषी खात्याचे अधिकारी आणि कृषी विद्यापीठाच्या संशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ त्यात असतात. ते रानात येतात, जागोजागी रोपं मोजतात, खोली आणि ओल बघतात आणि पंचनामा करतात. मी दोन गोष्टींसाठी हट्ट धरला. पहिली, कंपनीला आणि दुकानदाराला पाहणीची आगाऊ लेखी सूचना गेली पाहिजे. "आमच्या माघारी पंचनामा केला" एवढ्या एका वाक्यावर कंपन्या सुटतात, हे मला तालुक्यातल्या ग्राहक पंचायतीच्या एका जुन्या कार्यकर्त्याने सांगितलं होतं. (ग्राहक पंचायत ही ग्राहकांची संघटना बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात सुरू केली. खेड्यापाड्यांत तिची माणसं अजून भेटतात, त्यांना शोधा.) दुसरी, घरच्या बियाण्याचे दोन एकर शेजारीच हिरवे उभे आहेत, पेरणीचा दिवस आणि यंत्र तेच आहे, हे पंचनाम्यात शब्दशः उतरलं पाहिजे. अधिकारी कंटाळले, पण लिहिलं. कंपनीचा माणूस आला, सगळं बघितलं आणि सही न करता गेला. त्याने सही नाकारली, हेही लिहून घेतलं. पंचनामा हातात आल्यावरच रान मोडलं.

नमुन्याचं काम मात्र जमलं नाही. फोडलेल्या पिशवीतलं बियाणं प्रयोगशाळेला चालत नाही. त्याच लॉटची सीलबंद पिशवी दुकानात असती तर बियाणे निरीक्षकांना नमुना घेता आला असता, पण दुकानात ती उरलेली नव्हती. म्हणजे बियाणं खराब होतं असं सांगणारा प्रयोगशाळेचा कागद माझ्याकडे नव्हता. तुझी केस इथंच बसली, असं बऱ्याच जणांनी सांगितलं.

कंपनीला आणि दुकानदाराला रजिस्टर पोस्टाने नोटीस दिली. उत्तर आलं नाही, तेव्हा त्या हिवाळ्यात तक्रार दाखल केली. वकील लावायची सक्ती नाही, आपलं आपण मांडता येतं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यातल्या दोन सोयी माझ्या फार कामी आल्या. कंपनीचं कार्यालय कुठंही असो, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पिशवीवर छापलं होतं की वाद फक्त कंपनीच्या गावच्या कोर्टात चालेल, ते इथं टिकलं नाही. आणि आयोगाची पायरी व फी ठरते ती भरपाई किती मागितली यावर नाही, वस्तूला किंमत किती मोजली यावर. पाच लाखांपर्यंत फी शून्य. पावती, पिशव्या, त्यांना शिवलेली लेबलं, पंचनामा, रानाचे फोटो, सातबारा, नोटिशीच्या पोचपावत्या असं सगळं यादी करून जोडलं आणि शपथपत्र केलं. आम्ही कागदावर लिहून दिलं. आता ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येतं.

पावती माझ्या नावाची आणि जमीन मामंजींची, यावर कंपनी बोट ठेवणार हे उघड होतं. म्हणून अर्जदार म्हणून दोघांचीही नावं घातली. ज्याने विकत घेतलं तो ग्राहक असतोच, आणि त्याच्या संमतीने जो वस्तू वापरतो तोही ग्राहक असतो, असं कायद्यातच लिहिलेलं आहे. पहिल्या तारखेला मामंजी धुतलेलं धोतर नेसून माझ्या आधी स्टँडवर उभे होते. "सूनबाई, आपलं खरं आहे, मग भ्यायचं कशाला," एवढंच म्हणाले.

नोटीस मिळाल्यापासून म्हणणं मांडायला समोरच्याला ३० दिवस मिळतात, वाढवून आणखी १५. त्यापुढे एक दिवसही नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. दुकानदार आलाच नाही, त्याच्याविरुद्ध एकतर्फा आदेश झाला. कंपनीने मुदतीच्या काठावर लेखी म्हणणं दिलं, ते असं: शेती हा धंदा आहे, म्हणून शेतकरी ग्राहक नाही. बियाणं खोल पडलं, ओल कमी होती. आमच्या प्रयोगशाळेत हा लॉट पास झाला होता. अर्जदाराकडे तपासणी अहवाल नाही.

खोली आणि ओलीचं उत्तर शेजारच्या दोन एकरांनी दिलं. बाकीच्यांचं उत्तर एका निकालात होतं. नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी, आंध्र प्रदेशातल्या शेतकऱ्यांचं प्रकरण, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १६ जानेवारी २०१२. तो मी मिळवला आणि शब्दकोश घेऊन वाचला. शेतकरी ग्राहकच आहे, आणि बियाण्याचा वेगळा कायदा असला म्हणून ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, असं त्यात म्हटलं आहे. शेतकरी आणलेलं सगळं बियाणं रानात टाकतो, पुढे भांडण होईल म्हणून मूठभर बाजूला काढून ठेवत नाही, हेही न्यायालयाने ओळखलं आहे. ते वाचताना मला भरून आलं. पेरणारा माणूस कसा असतो हे दिल्लीत बसून कुणाला तरी कळलं होतं. मग मी लेखी युक्तिवादात १९६८ चे बियाणे नियम टाकले. त्यांनुसार विक्रेत्याला प्रत्येक लॉटची नोंद तीन वर्षं ठेवावी लागते, आणि लॉट पूर्ण खपल्यावर वर्षभर तरी नमुना टाकून देता येत नाही. म्हणजे मी तक्रार केली तेव्हा त्या लॉटचा नमुना कंपनीकडे असायला हवा होता. आपलं बियाणं चांगलं होतं हे दाखवायचं असतं तर तो तपासायला द्या असा अर्ज तिने करायचा होता. तिने तो केला नाही.

मध्येच आयोगाने मध्यस्थी सुचवली. दोघांची संमती असेल तरच ती होते. कंपनी म्हणाली, पुढच्या हंगामाला तेवढ्याच पिशव्या फुकट देतो. मी नाही म्हटलं. गेलेला हंगाम पिशवीत भरून देता येत नाही.

कायद्यात तीन महिन्यांत निकाल लागावा असं लिहिलेलं आहे. माझा लागला २०२५ मध्ये. रब्बीची उसनवारी करून बसलेल्या माणसाला हा काळ परवडत नाही, आणि यावर सरकारने बोललं पाहिजे. निकालात बियाण्याचे पैसे, दुबार पेरणीचा खर्च आणि घटलेल्या उत्पन्नापोटी रक्कम मिळाली, तक्रारीच्या तारखेपासून व्याजासकट. उत्पन्न मोजताना आयोगाने घरच्या दोन एकरांचा उतारा धरला, त्या वर्षीच्या ४,३०० रुपये हमीभावाने गुणला आणि दुबार पेरलेल्यातून जे निघालं ते वजा केलं. हा हिशेब मला न्याय्य वाटला. दुबार पेरून पदरात पडलेलं लपवावं असं कधी मनात आलं नव्हतं, बाजार समितीच्या विक्रीच्या पट्ट्या मीच जोडल्या होत्या.

कंपनीला राज्य आयोगाकडे अपील करता आलं असतं, ४५ दिवसांत आणि निम्मी रक्कम भरून. तिने केलं नाही, पण पैसेही दिले नाहीत. आदेश न पाळल्यास एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान २५,००० रुपये दंड, अशी तरतूद कलम ७२ मध्ये आहे. त्याखाली मी अर्ज केला. त्याची प्रत कंपनीला पोचली आणि रक्कम खात्यात जमा झाली.

त्याच लॉटच्या पिशव्या आमच्या गावात आणखी काही घरांनी नेल्या होत्या. काहींनी पंचनाम्याआधीच रान मोडलं होतं, त्यांचं काही होऊ शकलं नाही. दोघांकडे मात्र पंचनामा होता. तुझं काय होतंय ते बघू आणि मग आम्ही करू, असं ते म्हणत होते. तक्रारीची मुदत दोन वर्षांची असते, ती जून २०२४ मध्येच संपली, माझा निकाल यायच्या आधी. सबळ कारण दिलं तर आयोग उशीर माफ करू शकतो. त्यांच्या तक्रारी विलंब माफीच्या अर्जासह आता दाखल आहेत, सुनावणी व्हायची आहे.