बाईंचं बक्षीसपत्र

गृहभेटीचा दस्त मी शक्यतो टाळतो. माणूस खरंच अंथरुणाला खिळलेला असेल तर नोंदणी कायद्याच्या कलम ३१ खाली दुय्यम निबंधक घरी येऊन दस्त नोंदवू शकतात. त्यासाठी अर्ज करा, डॉक्टरांचा दाखला जोडा, भेटीची फी भरा आणि मग साहेबांच्या सवडीची वाट बघा. लॅपटॉप, कॅमेरा, अंगठ्याचं यंत्र असा सगळा बाडबिस्तरा घेऊन कुणाच्या तरी माजघरात शिरायचं. त्याचंही काही नाही. खरा त्रास असतो तो पलंगाभोवती कोंडाळं करून उभ्या असलेल्या नातेवाइकांचा.

हे घर साताऱ्यातलं. प्रॉपर्टी कार्डावर एकच नाव, बाईंचं. प्राथमिक शाळेत नोकरी करून, फंडातून पैसे काढून त्यांनी जागा घेतली आणि वर घर बांधलं. यजमान गेले तरी कार्डावर त्यांचं नाव कधीच नव्हतं, म्हणजे वारस लावायची भानगड नाही. मुलगा पुण्यात, मुलगी नागपूरला. बाई मोरीत घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि थोड्याच दिवसांत मुलगा माझ्या ऑफिसात हजर. "बक्षीसपत्र करून टाकू, वकीलसाहेब. स्टँप दोनशेच लागतो ना?"

लागतो दोनशेच. राहतं घर नवरा-बायको, मुलं, नातवंडं यांना बक्षीस दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये. स्थानिक अधिभार असेल तर तो वेगळा. सवलत चांगलीच आहे, पण तिच्यापायी लोकांना बक्षीसपत्र म्हणजे झटपट मृत्युपत्र वाटायला लागलंय. मृत्युपत्र डोळे मिटेपर्यंत कितीदाही बदलता येतं. बक्षीसपत्र नोंदलं आणि घेणाऱ्यानं स्वीकारलं की घर गेलं. नंतर मन बदललं म्हणून परत मागता येत नाही.

म्हणून आईवडिलांच्या बक्षीसपत्रात मी एक कलम घालतोच: लिहून देणार तहहयात त्याच घरात राहील आणि लिहून घेणार तिचा सांभाळ करील. सांभाळ केला नाही तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली असं हस्तांतर रद्द होऊ शकतं. पण त्यासाठी तशी अट असावी लागते, हे सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२२ मध्ये छिकारा प्रकरणात सांगितलं. पुढे जानेवारी २०२५ च्या एका निकालात न्यायालयानं ज्येष्ठांच्या बाजूनं जरा सैल हात ठेवला, तरी अट कागदावर असलेली बरी.

मुलाला मसुद्यात नेमकं तेच टोचलं. "आईला मी काय रस्त्यावर काढणार आहे? साक्षीदार शेजारचेच आहेत, वाचून काय म्हणतील?" मी म्हटलं, दस्त बाई लिहून देतायत, ठेवायचं की काढायचं ते त्या सांगतील. "आईचं काही म्हणणं नाही." हे वाक्य या धंद्यात रोज कानावर पडतं. मी अट असलेली आणि अट नसलेली, अशा दोन्ही प्रिंट काढून बरोबर घेतल्या.

साहेबांनी आल्या आल्या सगळ्यांना बाहेर काढलं. "मी घेणार आहे, माझीही सही लागते," मुलगा म्हणाला. "तुमची नंतर." खोलीत मी आणि ऑपरेटर तेवढे उरलो.

"आजी, आज काय करताय, माहितीये ना?"

"घर मुलाला देतेय, असं तो म्हणतो."

"तुम्ही काय म्हणता?"

बाईंनी उशीखालून चष्मा काढला आणि माझ्याकडे हात पुढे केला. मी दोन्ही प्रिंट दिल्या. दोन कशाला, तेही सांगितलं. पडल्या पडल्याच त्या ओळीखाली बोट धरून वाचत गेल्या, चतुःसीमेसकट सगळं. बाहेरून दारावर टकटक झाली. साहेब जागचे हलले नाहीत.

"सही केली की कार्डावर नाव कुणाचं?"

"फेरफार झाला की मुलाचं."

"घरपट्टी?"

"त्यांच्याच नावानं."

"आणि ही अट. त्यानं नाही पाळली तर?"

मी म्हटलं, प्रांताधिकाऱ्यांकडे दस्त रद्द करायचा अर्ज करता येतो.

"करायचा कुणी? मीच ना? ह्या पायानं?"

मी नुसतं "हो" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? बाईंनी कागद नीट जुळवून परत दिले. "मग नको."

"नक्की ना, बाई?" साहेबांनी विचारलं. मघाशी त्या आजी होत्या.

"नको म्हणजे नको. चहा घेऊन जा."

सहीच झाली नव्हती, त्यामुळे नोंदणी नाकारायचाही प्रश्न नव्हता. ऑपरेटरनं अंगठ्याचं यंत्र पिशवीतून काढलंसुद्धा नव्हतं. मुलगा ओसरीवर माझ्यावर घसरला. दोन कागद दाखवायची गरजच काय होती, म्हणाला. राहिलेली फी राहिलीच.

पुढे वॉकर घेऊन हिंडायला लागल्यावर बाई रिक्षा करून स्वतः ऑफिसात आल्या आणि मृत्युपत्र केलं. दोन साक्षीदार, डॉक्टरांचा दाखला, सगळं रीतसर. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही, पण त्यांनी हट्टानं नोंदवून घेतलं. आत काय आहे ते मी कुणाला सांगणार नाही, आणि मुलाला ते ऑनलाइन शोधूनही सापडणार नाही. मृत्युपत्र पुस्तक क्रमांक ३ मध्ये जातं आणि करणारा जिवंत असेपर्यंत त्याची नक्कल इतरांना मिळत नाही.

मुलाचा अधूनमधून फोन येतो. मी म्हणतो, आईला विचारा.

"विचारलं," परवा म्हणाला. "ती म्हणते, वकिलांना विचार."