माझ्याकडे तर नीट दिसतंय

झोप येत नाहीये आणि कारण काय, तर शून्य.

सोमवारी ताईंनी फोटो पाठवला होता. माझ्या सी प्रोग्रामने काढलेली नावांची फाइल, लेस या फाइल वाचायच्या प्रोग्राममध्ये उघडलेली, प्रत्येक नावापुढे ^@^@^@^@ अशी रांग. मी न बघताच म्हणालो, ताई तुमच्याकडेच काहीतरी असेल, माझ्याकडे नीट दिसतंय. त्या "बरं, बघते" म्हणाल्या. तेवढंच. ते "बरं" तेव्हापासून डोक्यात अडकलंय.

आणि खोटं नव्हतो बोललो हो! टर्मिनलच्या खिडकीत चाळीसच्या चाळीस नावं स्वच्छ. तेच आउटपुट फाइलमध्ये वळवलं की घाण. आधी वाटलं कलर कोड असतील, मग वाटलं \r, म्हणजे ओळीच्या सुरुवातीला नेणारी खूण, मग उगाच एन्कोडिंगला शिव्या घातल्या. फाइलीत शब्द शोधणारा ग्रेप तर सरळ "बायनरी फाइल मॅचेस" म्हणून मोकळा. आज शेवटी बाइट मोजायला डब्ल्यूसी लावला तर १३२० बाइट. चाळीस नावांना? चाळीसने भागलं, तेहतीस. बत्तीस आणि एक न्यूलाइन. नावासाठी राखलेली जागा, म्हणजे ॲरे, बत्तीस बाइटचा. तिथेच पोटात गोळा आला.

किती बाइट लिहायचे हे सांगताना एफराइट या लिहिणाऱ्या फंक्शनला मी एसटीआरलेनच्या (नावाची खरी लांबी) जागी साइझऑफ (अख्ख्या ॲरेची लांबी) दिलं होतं. म्हणजे उमा, इंग्रजीत तीन अक्षरं, आणि मागे एकोणतीस शून्यं, लेसमधली ती ^@, सगळी वरात फाइलमध्ये. त्यात मी शहाणा, नाव ॲरेत कॉपी करायला "सेफ" म्हणून स्ट्रएनकॉपी वापरलेलं, ते उरलेली जागा इमानदारीत शून्यांनी भरतं, ती भरली नसती तर निदान स्क्रीनवर कचरा दिसला असता आणि पहिल्याच दिवशी पकडलं गेलं असतं. टर्मिनल नल, म्हणजे हीच शून्यं, गिळून टाकतं. पूर्वी टेलिप्रिंटरचा गाडा ओळीच्या सुरुवातीला परत येईपर्यंत वेळ काढायला असेच नल पाठवायचे म्हणे, छापायचं काहीच नाही. ती सवय अजून आहे. फाइल मात्र काही गिळत नाही, जे दिलं ते ठेवून घेते.

नऊ वर्षं सी लिहितोय. बाबांना सांगितलं असतं तर... जाऊ दे.

तसं बघितलं तर चूक किरकोळ आहे, एका शब्दाची, आणि एकेक बाइट दाखवणाऱ्या ओडीमध्ये ती \0 ची रांग बघून मला एकट्यालाच हसू पण आलं. एवढा नीटनेटका कचरा मी आयुष्यात केला नसेल. पण "तुमच्याकडेच" म्हणायची काय गरज होती? नुसतं "बघतो" म्हणता आलं असतं ना.

मघाशी मेसेज टाकला, ताई सॉरी, चूक माझीच होती, साइझऑफ लावलं होतं. लगेच उत्तर, "अरे ते मी मंगळवारीच टीआरने झीरो उडवून पुढे पाठवलं. तू तुझ्याकडे तेवढं दुरुस्त करून ठेव."

मंगळवारी.

आणि मी बुधवारी त्यांना परत सांगितलं होतं, फाइल एकदा पुन्हा डाउनलोड करून बघा म्हणून.