जलपर्णी ओढून दंड भरून आले, मग नाल्याकडं वळलो

गेल्या पावसाळ्यापासून आम्ही सात-आठ जण दर रविवारी सकाळी कंबर तलावावर जातोय. सोलापुरातल्या विजापूर रोडचा तो, कागदोपत्री धर्मवीर संभाजी तलाव, पण रिक्षावाल्याला कंबर तलाव म्हटलं की लगेच कळतं. सुरुवातीला काम एकच, जलपर्णी काढायची. ज्यांनी ती कधी ओढली नाही त्यांना वाटतं गवतासारखी हलकी असेल, पण देठ फुगलेले, मुळांत पाणी आणि गाळ, त्यामुळं एक झुबका बांबूच्या आकड्यानं काठाला आणेपर्यंत दंड भरून येतात. आणि काठावरच टाकून दिली तर पुढच्या पावसात परत तलावात, म्हणून लांब नेऊन उन्हात पसरायची, वाळली की कंपोस्टला.

एकदा मी एक झुबका फरशीवर ठेवून सावकाश सोडवून बघितला. काळी, पिसासारखी मुळं, त्यात बारक्या गोगलगायी, माशाची दोन पिल्लं (ती लगेच पाण्यात सोडली), गुटख्याच्या पुड्या, आणि मधोमध हिरव्या नायलॉन मांजाचा गुंता. महिना जुलै होता. संक्रांतीत कुणीतरी काटलेला पतंग, तो मांजा सहा महिन्यांनी तसाच्या तसा, कुजणं नाही की तुटणं नाही. या मांजावर हरित लवादानं २०१७ सालीच देशभर बंदी घातलीय. तरी मिळतो. पाणपक्ष्याच्या पायात अडकला तर त्याला सोडवणार कोण, सांगा.

तर दोन महिने आम्ही काढत होतो आणि ती वाढत होती. आमच्यात एक मामा आहेत, अख्खं आयुष्य पॉवरलूमवर गेलं, घरात तेलुगू आणि बाहेर आपली सोलापुरी. ते एक दिवस म्हणाले, "धागा तुटतोय कुठं ते बघायचं सोडून नुसत्या गाठी मारत बसलाय व्हय बे?" लागलं मनाला. मग आकडे ठेवले आणि नाल्याच्या कडेकडेनं वर चालत गेलो, तर पावसाच्या पाण्याच्या गटारीत एका वस्तीची ड्रेनेज लाइन फुटून सरळ मिसळत होती. सांडपाण्यातलं नायट्रोजन आणि फॉस्फरस म्हणजे जलपर्णीला खुराक, ऊन आणि खुराक दोन्ही मिळालं की पंधरा दिवसांत दुप्पट होते ती. मग तीन रविवार त्याच जागेवरून, त्याच वेळेला फोटो काढले, तक्रार दिली, हेलपाटे घातले, साहेब जागेवर नाहीत हे किती वेळा ऐकलं काय सांगू, पण शेवटी लाइन दुरुस्त झाली. त्या एका दुरुस्तीनं जेवढं झालं तेवढं आमच्या दोन महिन्यांच्या ओढाओढीनं झालं नव्हतं.

नाल्याच्या तोंडाला आता दोन लोखंडी पाइपांत मासेमारीचं जुनं जाळं बांधलंय, बाटल्या-पिशव्या तिथंच अडकतात. पण हे करणार असाल तर एक नीट ऐका, पाऊस यायच्या आधी जाळं रिकामं झालंच पाहिजे. आमचं एकदा राहिलं आणि पाणी तुंबून शेजारच्या घरांच्या पायरीपर्यंत चढलं. तिथल्या काकू चिडल्या, त्यांचं बरोबरच होतं. आता जाळ्याच्या कुलपाची एक चावी त्यांच्याकडंच असते, आभाळ भरून आलं की त्या पोराला पाठवून सोडवतात.

सेफ्टीचं पण सांगतो, कारण उत्साहात पोरं सरळ पाण्यात उतरतात. गाळात पाय गेला की निघत नाही. गुडघ्याच्या वर कुणी जायचं नाही आणि बूट सक्तीचे, बाटलीच्या काचा फार आहेत. कुणी बुडताना दिसलं तर मागनं उडी मारू नका, घाबरलेला माणूस वाचवणाऱ्यालाच धरून खाली ओढतो. आम्ही पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन ठेवतो, तळाला थोडं पाणी म्हणजे नेम धरून फेकता येतो, झाकण घट्ट, मुठीला लांब दोरी. फेकला की काठावर आडवं पडून दोरी ओढायची. पोरांकडनं दर महिन्याला फेकून घेतो.

सिद्धेश्वर तलावाचा विषय निघाला की मला वेगळंच वाईट वाटतं. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी तो लोकांना सोबत घेऊन खोदला असं आपण लहानपणापासून ऐकतो, कायक, म्हणजे कष्टाचं काम, हीच भक्ती मानणारे ते. आणि आपण त्याच तलावात कॅरीबॅगसकट निर्माल्य सोडतो! फुलं कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातात, म्हणून तर पहाटे मासे तोंड वर काढून हापापताना दिसतात. माझ्या आईनं पण हे वर्षानुवर्षं केलं. आता ती हार सोडवते, दोरा आणि जरी वेगळी काढते, फुलं गच्चीवरच्या मोगऱ्याच्या कुंडीत घालते. शेजारच्या दोन आज्ज्या पण आता आपापली फुलं तिच्याकडंच आणून देतात.

येत्या रविवारी साडेसहाला नाल्याच्या तोंडापाशी भेटू. आकडे आहेत, हातमोजे कमी पडतायत. घरात तेलाचा रिकामा कॅन असेल तर झाकणासकट आणा, सिद्धेश्वरच्या काठाला पण दोन बांधून ठेवायचेत.